कॉन्फ फाइलमध्ये लिहिलं, पण नोडनं ते वाचलं का?

बिटकॉइन कोर, म्हणजे बिटकॉइनचं नेटवर्क चालवणारा प्रोग्रॅम, सुरू करायला कॉन्फिगरेशन फाइल लागतेच असं नाही. ती नसली तरी नोड (हा प्रोग्रॅम चालू असलेला आपला संगणक) उठतो आणि डिफॉल्टवर चालत राहतो. पण डिफॉल्ट म्हणजे बहुतेक मशीनना जमेल असा मधला मार्ग. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वळवाच्या दिवसांत लाइन कधी जाईल आणि किती वेळा येईल-जाईल याचा नेम नसतो, आणि खेड्यांतल्या बऱ्याच घरांत इंटरनेट म्हणजे रोजचे ठरावीक जीबी देणारं सिमकार्ड. अशा ठिकाणी नोड टिकवायचा तर आठ-दहा ओळी विचार करून लिहाव्या लागतात. लिहून झालं की त्या खरंच लागू झाल्या का, हेही तपासावं लागतं. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि बऱ्याच चुका ही फाइल मुकाट्यानं गिळते.

नोड म्हणजे मायनिंग (व्यवहारांचे नवे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, तयार करून बक्षीस मिळवणं) नव्हे, हेही आधीच सांगतो. नोड चालवून पैसे मिळत नाहीत. तो प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासतो, बस. ज्याला दुसऱ्याच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा नाही किंवा ज्याला ही यंत्रणा आतून शिकायची आहे, त्याच्यासाठी हा खटाटोप.

या लेखात ऑप्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. आकडेही इंग्रजीच हवेत. फोनवरून किंवा मराठी कीबोर्ड चालू ठेवून फाइल लिहिणाऱ्यांनी हे नीट बघा: देवनागरी आकडा प्रोग्रॅमला आकडा वाटत नाही, तो शून्य धरतो. म्हणजे प्रून (जुने ब्लॉक छाटण्याचा ऑप्शन) याच्यापुढे देवनागरीत ५५० लिहिलं तर छाटणी सुरूच होत नाही आणि काही दिवसांनी डिस्क भरते.

फाइलचं नाव बिटकॉइन डॉट कॉन्फ. लिनक्सवर ती होम फोल्डरमधल्या 'डॉट बिटकॉइन' या लपलेल्या फोल्डरात शोधली जाते. मॅकवर 'लायब्ररी'मधल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'च्या आत 'बिटकॉइन' फोल्डर असतो. विंडोजवर जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये 'ॲपडेटा'च्या 'रोमिंग'मध्ये आणि २८.० आवृत्तीपासून नव्यानं इन्स्टॉल केलं असेल तर 'ॲपडेटा'च्या 'लोकल'मध्ये. फाइल आपोआप तयार होत नाही, ती आपण करायची. खिडकीवाला प्रोग्रॅम वापरत असाल तर ऑप्शन्समध्ये 'ओपन कॉन्फिगरेशन फाइल' हे बटण आहे. ते दाबलं की फाइल योग्य जागीच उघडते. नोटपॅडमधून स्वतः केलीत तर नावाच्या शेवटी 'डॉट टीएक्सटी' चिकटतं. विंडोज ते दाखवत नाही आणि नोडला फाइल सापडत नाही. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. एका ओळीत एक ऑप्शन: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. कमांड लाइनवर नावाआधी हायफन असतो, फाइलमध्ये तो नको. हायफन ठेवलात तर नोड सुरूच होत नाही, ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवतो. ही चूक बरी, कारण ती लगेच कळते. 'हॅश' (#) या खुणेनंतरचं सगळं टिप्पणी समजून सोडलं जातं, म्हणून आरपीसीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं नोडला हुकूम द्यायच्या सोयीच्या, पासवर्डमध्ये हॅश वापरू नका. तिथेही नोड अडून बसतो.

न कळणाऱ्या चुका जास्त त्रास देतात. पहिली म्हणजे स्पेलिंग. कमांड लाइनवर ऑप्शनचं नाव चुकलं तर प्रोग्रॅम थांबतो. फाइलमध्ये चुकलं तर लॉगमध्ये (नोडच्या नोंदवहीत) एक इशारा टाकून तो पुढे जातो. डीबीकॅश (रॅममधल्या साठ्याचा आकार) या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नोड डिफॉल्टवरच चालतो आणि आपण म्हणतो, 'एवढी रॅम दिली तरी सिंक, म्हणजे सगळे ब्लॉक उतरवून तपासणं, हळूच.' दुसरी चूक हो-नाहीच्या ऑप्शनची. सर्व्हर=ट्रू असं लिहिणारे पुष्कळ आहेत. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालतं, पण इथे किंमत आकडा म्हणून वाचली जाते. 'ट्रू' हा आकडा नाही, म्हणून तो शून्य, आणि शून्य म्हणजे बंद! हो म्हणायचं तर १, नाही म्हणायचं तर ०, तिसरं काही लिहू नका. तिसरी चूक एकच ऑप्शन दोनदा लिहिण्याची. फाइलमध्ये एकच किंमत घेणारा ऑप्शन दोनदा आला तर वरचा, म्हणजे आधीचा, लागू होतो. कमांड लाइनवर नेमकं उलटं, तिथे शेवटचा जिंकतो. खाली नवी ओळ घालून जुनी तशीच ठेवायची सवय असेल तर नवी ओळ कधीच लागू होणार नाही.

चौथी चूक विभागांची आहे आणि ती अनुभवी माणसालाही चकवते. फाइलमध्ये चौकोनी कंसात मेन (मुख्य नेटवर्क), टेस्ट, सिग्नेट, रेगटेस्ट (ही तीन सरावाची) अशी नावं देऊन त्या-त्या नेटवर्कपुरत्या ओळी लिहिता येतात. हा कंस शेताच्या बांधासारखा असतो. एकदा ओलांडला की पुढची प्रत्येक ओळ त्याच वावरातली, दुसरा बांध येईपर्यंत. कंस बंद करायची खूण नाही. म्हणून शेवटी रेगटेस्टचा विभाग असलेल्या फाइलच्या तळाशी डीबीकॅश लिहिला, तर तो मुख्य नेटवर्कला लागत नाही. सगळ्यांना लागणाऱ्या ओळी पहिल्या कंसाच्या वरच ठेवा.

याची दुसरी बाजूही आहे. पोर्ट, बाइंड, आरपीसीपोर्ट, आरपीसीबाइंड, ॲडनोड, कनेक्ट, वॉलेट हे ऑप्शन कंसाबाहेर लिहिले तर ते फक्त मुख्य नेटवर्कसाठी धरले जातात. ०.१७ आवृत्तीपासूनचा हा नियम आहे. सिग्नेटवर वेगळा आरपीसीपोर्ट हवा असेल तर तो सिग्नेटच्या कंसाखालीच लिहावा लागतो.

आता कुणाचं ऐकलं जातं ते पाहू. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली असू शकते. सर्वांत वर कमांड लाइन. तिच्याखाली सेटिंग्ज डॉट जेसन ही फाइल, जी प्रोग्रॅम स्वतः लिहितो. खिडकीत छाटणीचा किंवा कॅशचा आकडा बदलला की नव्या आवृत्त्यांत तो तिथे जातो. सगळ्यात शेवटी आपली कॉन्फ फाइल. म्हणून खिडकीत एकदा कॅश ठरवला असेल तर कॉन्फमध्ये कितीही बदलला तरी फरक पडत नाही. दोन्हीकडून चालवू नका. माझं मत विचाराल तर सगळं कॉन्फमध्येच ठेवावं, कारण तिथे प्रत्येक ओळीच्या वर 'हे का' असं लिहून ठेवता येतं.

वीज आणि डिस्क

खान्देशात नोडची खरी परीक्षा इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण साखळी (आतापर्यंतचे सगळे ब्लॉक) आज ६०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि दरवर्षी अंदाजे ८० जीबीनं वाढते. त्याशिवाय चेनस्टेट, म्हणजे न खर्चलेल्या नाण्यांची यादी, १० जीबीहून जास्त जागा घेते. एक टीबीचा एसएसडी आज पुरतो, पण फार वर्षं नाही. जागा नसेल तर प्रून. प्रूनची किंमत एमआयबीमध्ये देतात आणि किमान ५५० लागते. शेवटचे २८८ ब्लॉक, म्हणजे सुमारे दोन दिवसांचे, ठेवावेच लागतात, म्हणून ही मर्यादा. ५५० लिहिलं म्हणजे नोड ५५० एमबीत मावला असं समजू नका. हा हिशेब फक्त ब्लॉकच्या फाइलींचा आहे, चेनस्टेट वेगळा. जागा असेल तर मी ५५० ऐवजी १०,००० किंवा २०,००० लिहायला सांगेन. लहान आकड्यावर छाटणी सारखी होते आणि छाटताना कॅशमधला माल डिस्कवर उतरवावा लागतो, त्यामुळे पहिलं सिंक रखडतं.

प्रूनबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज डेटाचा. छाटलेला नोडसुद्धा सुरुवातीपासूनचा प्रत्येक ब्लॉक उतरवतो, तपासतो आणि मग टाकून देतो. डाउनलोड तेवढंच. रोज २ जीबी मिळणाऱ्या सिमवर ६०० जीबी उतरवायला ३०० दिवस लागतील, आणि तोवर साखळी आणखी वाढलेली असेल. अशा घरानं पहिलं सिंक जळगाव, धुळे किंवा जवळच्या गावात फायबर असलेल्या जागी करावं आणि मग डिस्क घरी न्यावी. प्रून लावल्यावर टीएक्सइंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची) चालत नाही, दोन्ही ओळी असतील तर नोड उठत नाही. आणि प्रून काढून पुन्हा पूर्ण नोड व्हायचं ठरवलं तर सगळी साखळी नव्यानं उतरवावी लागते.

डीबीकॅशचं डिफॉल्ट बरीच वर्षं ४५० एमआयबी होतं. पहिल्या सिंकमध्ये हा आकडा वाढवला की वेग स्पष्ट वाढतो, कारण चेनस्टेटमधले बदल रॅममध्ये साठतात आणि डिस्कवर कमी वेळा लिहावं लागतं. म्हणून ८ जीबी रॅम असेल तर ४,००० लिहा असा सल्ला सगळीकडे दिसतो. जिथे वीज जात नाही तिथे तो बरोबर आहे. पण रॅममध्ये जितकं साठलं तितकं लाइन जाताच गेलं. उतरवलेले ब्लॉक डिस्कवर असतात, ते पुन्हा उतरवावे लागत नाहीत, पण शेवटच्या नोंदीपासून पुढचं सगळं परत तपासावं लागतं. मोठा कॅश आणि वारंवार जाणारी वीज एकत्र आली की नोड तीच वाट पुन्हा पुन्हा चालतो. यूपीएस नसेल तर १,००० च्या वर जाऊ नका. यूपीएस असेल आणि मशीन नीट बंद होण्याची सोय असेल, तर ४,००० चालेल. सिंक पूर्ण झालं की ती ओळ काढून टाका, रोजच्या कामाला एवढा कॅश लागत नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर येताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, डेस्कटॉपला कळतो. संगणकासाठी वेगळा मोड असलेल्या इन्व्हर्टरवर तो मोड लावा किंवा मध्ये छोटा यूपीएस बसवा. अर्धवट लिहिताना वीज गेली तर चेनस्टेटचा डेटाबेस बिघडू शकतो, आणि मग रीइंडेक्स-चेनस्टेट, म्हणजे ती यादी पुन्हा मांडणं, करत बसावं लागतं. रीइंडेक्स हा शब्द फाइलमध्ये कधीच लिहू नका, तो एकदाच कमांड लाइनवरून द्यायचा. फाइलमध्ये राहिला तर दर वेळी नोड सुरू होताना पहिल्यापासून मांडणी सुरू होते, आणि लाइन जाण्याच्या दिवसांत ती कधीच संपत नाही.

बंद करताना बिटकॉइन-सीएलआयला (नोडला हुकूम देणारी कमांड) स्टॉप सांगा आणि डीबग लॉगमध्ये शटडाउन 'डन' झाल्याची ओळ येईपर्यंत बटणाला हात लावू नका. मोठा कॅश डिस्कवर उतरायला काही मिनिटं लागतात, जुन्या हार्ड डिस्कवर त्याहून जास्त. सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू-बंद करणारी यंत्रणा) वापरत असाल तर थांबण्याची मुदत ६०० सेकंद ठेवा. बिटकॉइन कोरबरोबर येणाऱ्या नमुन्यातही तेवढीच आहे. मुदत कमी असेल तर सिस्टमडी मधूनच प्रक्रिया मारते आणि वीज गेल्यासारखीच स्थिती होते.

स्वस्तात काम भागवायचं तर ब्लॉक्सडिर वापरा. लहान एसएसडीवर चेनस्टेट आणि जुन्या मोठ्या हार्ड डिस्कवर ब्लॉकच्या फाइली, अशी विभागणी करता येते. चेनस्टेटला वेग लागतो, जुन्या ब्लॉकना फक्त जागा. ब्लॉक्सडिरला दिलेला फोल्डर आधीच तयार असावा लागतो. पाथभोवती अवतरणचिन्हं लावू नका आणि होम फोल्डरसाठी टिल्डची (~) खूण वापरू नका. फाइलमध्ये ती उलगडली जात नाही, पूर्ण पाथ लिहा.

यूएसबीवरच्या डिस्कला आणखी एक धोका आहे. लाइन आली, मशीन उठलं, पण डिस्क माउंट व्हायच्या (सिस्टमला जोडली जायच्या) आत नोड सुरू झाला. डेटाडिरमध्ये (नोडचा डेटा कुठे ठेवायचा ते सांगणारा ऑप्शन) माउंटचाच फोल्डर दिला असेल तर तो रिकामा सापडतो आणि नोड मूळ डिस्कवर पहिल्या ब्लॉकपासून उतरवायला लागतो. म्हणून डेटाडिर नेहमी त्या डिस्कच्या आतला उपफोल्डर ठेवा. डिस्क नसेल तर उपफोल्डरही नसतो, आणि नोड चूक दाखवून थांबतो. इथे थांबणंच आपल्याला हवं असतं.

ऊन

स्वाक्षऱ्या तपासण्यासाठी किती थ्रेड वापरायचे ते 'पार' हा ऑप्शन ठरवतो. डिफॉल्ट ० म्हणजे प्रोग्रॅम स्वतः ठरवतो आणि मिळतील तेवढे कोअर घेतो. पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत चार कोअरच्या मशीनला पार=२ द्या. वजा आकडाही चालतो: पार=-१ म्हणजे एक कोअर मोकळा सोडा. मशीन तापलं की प्रोसेसर आपला वेग स्वतःच खाली आणतो, त्यामुळे चार थ्रेडवर तापलेलं मशीन दोन थ्रेडवरच्या थंड मशीनपेक्षा पुढे जाईलच असं नाही. पण या ऑप्शनकडून फार अपेक्षा नको. 'अझ्यूमव्हॅलिड' डिफॉल्टनं चालू असतो, त्यामुळे जुन्या ब्लॉकमधल्या स्वाक्षऱ्या तपासल्याच जात नाहीत. पारचा खरा परिणाम सिंकच्या शेवटच्या टप्प्यात दिसतो. आधीच्या टप्प्यात जास्त तापते ती डिस्क, विशेषतः बंद डब्यातला यूएसबी एसएसडी. तिला वाऱ्यावर ठेवा. जमलं तर पहिलं सिंक पौष-माघाच्या थंडीत करा.

इंटरनेट

नोड स्वतःहून दहा जोडण्या करतो, बाहेरून येणाऱ्या धरून डिफॉल्ट मर्यादा १२५. बाहेरून जोडणी यायला पोर्ट ८३३३ उघडा लागतो, पण अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच घरांत वाटतात. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. तिथे टॉर (ओळख लपवून जोडणारं नेटवर्क) बसवा, प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ आणि पोर्ट ९०५० द्या, लिसन=१ ठेवा. टॉरचा कंट्रोल पोर्ट चालू असेल तर ओनियन (टॉरच्या आतल्या) पत्त्यावर बाहेरच्या जोडण्या मिळतात, राउटरला हात लावावा लागत नाही. बाहेरच्या जोडण्या नकोच असतील तर लिसन=० लिहा, त्यानं अपलोड बराच घटतो.

मॅक्सअपलोडटार्गेट ही अपलोडची चोवीस तासांची मर्यादा. नुसता आकडा एमआयबीमध्ये धरला जातो, पुढे जी किंवा टी लावता येतं. ही पक्की भिंत नाही. मर्यादा जवळ आली की नोड आठवड्याहून जुने ब्लॉक देणं थांबवतो, ताजे ब्लॉक देतच राहतो. ज्यांचा डेटा मोजून मिळतो त्यांना ब्लॉक्सओन्ली=१ जास्त उपयोगी. सुटे व्यवहार येणं बंद होतं, फक्त ब्लॉक येतात. फीचा अंदाज मात्र मिळत नाही.

आरपीसीबद्दल थोडक्यात: सर्व्हर=१ लिहा आणि त्याच मशीनवरच्या कामासाठी पासवर्ड लिहूच नका. नोड दर वेळी कुकी फाइल (तात्पुरता पासवर्ड असलेली) करतो, तीच पुरते. दुसऱ्या मशीनवरून यायचं असेल तर बिटकॉइन कोरबरोबरची आरपीसीऑथ पायथन स्क्रिप्ट चालवून मिळणारी ओळ फाइलमध्ये टाका, उघडा पासवर्ड नको. आरपीसीबाइंड दिला पण आरपीसीअलाउआयपी दिला नाही तर बाइंड दुर्लक्षित होतो. ८३३२ हा पोर्ट राउटरवर कधीही उघडू नका.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकवायचं असेल तर वरचं जवळजवळ काहीच लागत नाही. कंसांच्या वर चेन=रेगटेस्ट लिहा. रेगटेस्टच्या कंसाखाली लिहिलंत तर उपयोग नाही, कारण तो कंस वाचायच्या आधी नेटवर्क ठरलेलं असतं. इंटरनेट लागत नाही, ब्लॉक आपणच तयार करायचे, जुना संगणकही पुरतो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातल्या किती तरी महाविद्यालयांत असे जुने संगणक पडून असतील. विद्यार्थ्यांना साखळी हातानं वाढवून दाखवायला याहून चांगली सोय नाही.

तपासणी

फाइल बदलली की नोड पुन्हा सुरू करावा लागतो, चालू नोड ती परत वाचत नाही. सुरू झाल्यावर डीबग लॉगच्या पहिल्या काही ओळींत 'कॉन्फिग फाइल' असं लिहून पूर्ण पाथ येतो. पुढे 'नॉट फाउंड, स्किपिंग' दिसलं तर फाइल चुकीच्या जागी आहे. सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्यांचं इथेच फसतं. सिस्टमडीच्या नमुन्यात फाइल 'ईटीसी'च्या आत 'बिटकॉइन' फोल्डरात धरलेली असते, आणि आपण होम फोल्डरातली बदलत राहतो. लॉगमधल्या त्या पाथच्या ओळीखाली 'कॉन्फिग फाइल आर्ग' म्हणून नोडनं ओळखलेली प्रत्येक ओळ छापलेली असते, विभागाच्या नावासह. पासवर्डच्या जागी तारे असतात. आपल्या फाइलमधली ओळ त्या यादीत नसेल तर स्पेलिंग चुकलं आहे. वेगळ्याच विभागाखाली दिसली तर कंस आडवा आला आहे. बरोबर स्पेलिंग बघायला बिटकॉइनडीला (खिडकीशिवाय चालणारा नोडचा प्रोग्रॅम) हेल्प विचारा, सगळे ऑप्शन डिफॉल्टसह छापून येतात.

पूर्ण साखळीचा नोड, यूपीएस नाही, फायबर आहे, डिस्क यूएसबीवर, असं घर धरलं तर पहिल्या सिंकसाठी मी एवढंच लिहीन:

सर्व्हर=१
डेटाडिर=/एमएनटी/डिस्क/बिटकॉइन
डीबीकॅश=१०००
पार=२
लिसन=०
मॅक्समेमपूल=१००

मेमपूल म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट पाहणाऱ्या व्यवहारांचा साठा, त्याचं डिफॉल्ट ३०० एमबी आहे. सिंकच्या काळात तो रिकामाच असतो आणि त्याची न वापरलेली जागा कॅशला मिळते. म्हणजे ३०० तसाच ठेवला तर कॅश ठरवल्यापेक्षा जास्त फुगतो. कमी रॅमच्या मशीनवर हा हिशेब धरूनच दोन्ही आकडे ठरवा. सिंक झालं की डीबीकॅशची ओळ काढा, लिसन हवं तर १ करा, नोड पुन्हा सुरू करा आणि लॉगमधली ती यादी परत एकदा वाचा.